कसंतरी होतंय, सिस्टर

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी सदतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. १९८३ साली लागले, २०२० साली निवृत्त झाले. राहायला मात्र जन्मापासून दादरला, गोखले रोडच्या मागे. आधी चाळीत, आता त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. या सदतीस वर्षांत केसपेपरवर मी जे इंग्रजी शब्द लिहिले, त्यांत ‘फीवर’ आणि ‘पेन’ यांच्या खालोखाल ‘अनइझी’चा नंबर लागेल. मुंबईत तर तो आता मराठीच झालाय. भाजी निवडता निवडता बायका म्हणतात, ‘सकाळपासून जरा अनइझीच वाटतंय.’ पण हा शब्द नीट कळायला माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि न कळण्याची किंमत घरात मोजावी लागली. रिपोर्ट बुकात खाटेच्या नंबरानं लिहायची सवय आहे, म्हणून इथेही नंबर घालूनच लिहिते.

१. सोप्याच्या उलट ते ‘अनइझी’ नव्हे

आमची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. आमच्या वेळी दहाव्या वर्षी एबीसीडी गिरवायची आणि आठवीत येईपर्यंत वाक्यं करायची. आठवीच्या सहामाहीत ‘ईझी’चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. मी ‘अनइझी’ लिहिलं आणि पुढे वाक्यही करून टाकलं, ‘गणित फार अनइझी आहे’ अशा अर्थाचं. हॅपीचं अनहॅपी होतं, फेअरचं अनफेअर होतं, मग हे का नाही? बाईंनी लाल शाईनं वाक्य खोडलं. ‘असं म्हणत नाहीत,’ एवढंच म्हणाल्या. साठ मुलींच्या वर्गात त्यांना याहून जास्त सांगायला सवड नव्हती.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चुकलेला शब्द त्यांना घरातही चालत नसे. त्यांनी माझा पेपर पाहिला आणि दोन दिवसांनी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून एक जुना इंग्रजी-मराठी कोश आणला. आत पहिल्या पानावर तारीख घातली आणि ‘अनइझी’चं पान काढून समोर ठेवलं. अस्वस्थ, बेचैन, चैन नसलेला. मी म्हटलं, ‘म्हणजे गणिताला चैन पडत नाही असं झालं.’ बाबा म्हणाले, ‘गणिताला नाही, तुला. शब्द वस्तूचा आहे की माणसाचा, ते आधी बघायचं.’

तो कोश अजून माझ्याकडे आहे. त्याच्या शेवटी सहा कोरी पानं होती. त्यांचं काय झालं ते पुढे येईल.

२. आपल्याकडे तो शब्द आधीच होता

शब्द वस्तूचा की माणसाचा, हे बाबांचं वाक्य डोक्यात राहिलं, आणि पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की शाळेत माझी जी चूक झाली तिच्यात तथ्य होतं. मराठीत ‘अवघड’ म्हणजे कठीण. गणित अवघड, घाट अवघड. त्याच शब्दाचं क्रियापद केलं की तो माणसाला येऊन चिकटतो. मांडी घालून पंगतीत तासभर बसलं की पाय अवघडतो. परक्या घरी सगळे आपल्याकडेच बघत असले की अवघडल्यासारखं होतं. आणि दिवस भरत आलेली बाई अवघडलेली असते. तिला बसवत नाही, निजवत नाही, कुशीवर वळवत नाही. कठीण वस्तू आणि बेचैन माणूस या दोन अर्थांमधली जी उडी मला इंग्रजीत जमली नव्हती, ती आपल्या आज्या-पणज्यांनी मराठीत कधीच मारून ठेवलेली होती.

इंग्रजीतला ‘ईझ’ हा शब्द फ्रेंचमधून आला. आराम, मोकळीक, हातपाय हलवायला जागा, असा त्याचा जुना अर्थ. त्याला ‘डिस’ लागून जो शब्द झाला तो आम्ही वॉर्डात दिवसातून शंभर वेळा उच्चारायचो: डिसीज. मुळात त्याचा अर्थ रोग असा नव्हताच, चैन नसणं एवढाच होता. रोग हा अर्थ मागाहून त्यावर बसला आणि पहिला अर्थ पुसला गेला. ‘कम्फर्ट’च्या पोटात लॅटिनमधला बळ या अर्थाचा शब्द आहे, कम्फर्ट देणं म्हणजे मुळात बळ देणं, धीर देणं. आणि आपला ‘स्वस्थ’ बघा. स्व अधिक स्थ, स्वतःच्या ठिकाणी असलेला. अस्वस्थ म्हणजे ज्याचं ते ठिकाण सुटलंय तो. रोग्याची खाट मी आयुष्यभर पाहिली. यापेक्षा नेमका शब्द मला कुठल्याही भाषेत सापडलेला नाही.

३. शंभर वाटांनी आलेलं दुखणं एका शब्दात कोंबू नये

परळच्या रुग्णालयात तेव्हा अख्खं गिरणगाव यायचं. लालबागच्या खोल्यांमधली सिंधुदुर्गातली माणसं म्हणायची, ‘माका बरा वाटणा नाय.’ साताऱ्याकडच्या बाया म्हणायच्या, ‘जीव लई घाबरा झालाय.’ उत्तरेकडचे टॅक्सीवाले ‘घबराहट’ म्हणायचे. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आजी ‘जिवाची उलघाल होतेय हो’ म्हणायच्या. कुणाच्या पोटात कालवायचं, कुणाच्या डोळ्यापुढे अंधारी यायची, कुणाच्या अंगात कसकस असायची, कुणाचे हातपाय गळायचे. केसपेपर इंग्रजीत. डॉक्टर राऊंडला येणार, त्यांना दहा मिनिटांत चाळीस खाटा बघायच्या. मग आम्ही काय लिहायचो? ‘पेशंट कम्प्लेन्स ऑफ अनइझीनेस.’ उलघाल, घाबरा, कसकस, कालवाकालव, सगळ्यांवर हे एकच झाकण.

१९८४ सालची गोष्ट सांगते, कारण ती मी डोळे मिटले तरी दिसते. फीमेल मेडिकल वॉर्ड. लालबागची एक बाई, पस्तिशीची, अंगात रक्त अगदी कमी. दुपारी तिला रक्ताची बाटली लावली. आमच्या सिस्टर इन चार्जचा दंडक होता की रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं खाट सोडायची नाही. मी उभी होते. दहाएक मिनिटांनी त्या बाईनं माझ्या एप्रनचं टोक धरलं. ‘सिस्टर, कसंतरी होतंय.’

‘काय होतंय?’

‘कसंतरीच.’

मी नाडी बघितली, ताप बघितला, बीपी घेतलं. सगळं जवळजवळ आधीसारखंच. तिची बोटं मात्र चादरीवरून सारखी फिरत होती, जणू काही सांडलेलं वेचतेय. मी पेन काढलं आणि वेळ घालून ‘अनइझी’ लिहायला लागले. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आधी हात वर नेऊन नळीचा क्लॅम्प बंद केला. मग त्या बाईच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, ‘बाय, कंबर भरून आलीय का?’ ‘हो, आत्ताच.’ ‘थंडी?’ ‘आतून वाजतेय.’ सेट बदलला, सलाइन लावलं, हाउसमनला बोलावलं, बाटली तशीच रक्तपेढीकडे परत गेली. पाच मिनिटांत ती बाई खाट हलेल इतकी कापायला लागली. संध्याकाळपर्यंत सावरली. चौथ्या दिवशी चालत घरी गेली.

रक्त न मानवल्याची पहिली खूण कधी कधी हीच असते. ताप चढायच्या आधी, बीपी पडायच्या आधी माणसाला आत काहीतरी बिघडल्याचं कळतं, आणि त्याच्यापाशी त्याला ‘कसंतरी’ याखेरीज शब्द नसतो. सिस्टर ड्यूटी संपताना मला एवढंच म्हणाल्या, ‘आधी बंद कर, मग लिही. आणि लिहायच्या आधी विचार.’ त्या रात्री घरी येऊन मी बाबांच्या कोशातलं पहिलं कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं: कसंतरी. समोर: रक्त चालू असताना. कंबर, थंडी, बोटं चाळवणं.

४. साहेबाच्या देशात हा शब्द मनाचा आहे

माझ्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडला नोकरीला गेली. पहिल्याच आठवड्यात तिनं वरिष्ठ सिस्टरना सांगितलं, सात नंबरचे आजोबा अनइझी आहेत. वरिष्ठांनी विचारलं, ‘त्यांना कसली काळजी लागलीय?’ हिला कळेना. आजोबांना मळमळत होतं, घाम येत होता; काळजीचा काय संबंध? मग उलगडा झाला. तिकडे ‘अनइझी’ म्हटलं की आधी मन डोळ्यासमोर येतं: धास्ती, शंका, मनाची रुखरुख. शरीराचं असेल तर ‘अनवेल’ म्हणतात, ‘डिसकम्फर्ट’ म्हणतात, किंवा थेट काय होतंय तेच सांगतात. आपल्याकडे घाबरल्यासारखं, घबराहट या शब्दांचं भाषांतर करता करता ‘अनइझीनेस’ शरीराकडे सरकला असावा आणि तिथेच स्थिरावला. मैत्रिणीनं पत्रात आणखी एक लिहिलं होतं. ‘आय अ‍ॅम डिसकम्फर्ट’ म्हटलं की तिथली माणसं समजून घेतात, पण ते चूक आहे. डिसकम्फर्ट माणूस होत नाही, तो माणसाला होतो.

हे वाचून मला बरं वाटलं, कारण आपली भाषा नेहमी असंच बोलते. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला कसंतरी होतं. ‘मी’ तिथे कर्ता नसतोच, जे व्हायचं ते ‘मला’ येऊन होतं.

५. संपातल्या माणसांना काय झालं होतं

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं. मी तेव्हा शिकाऊ होते, पण शिकाऊ मुलींना ओपीडीत भरपूर राबवत. उन्हाळ्यापासून एक वेगळाच पेशंट यायला लागला. चाळिशीचा पुरुष, अंगानं धडधाकट. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही, घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. इसीजी नॉर्मल. छातीचा फोटो साफ. कागदावर अनइझीनेस, खाली व्हिटॅमिनच्या गोळ्या.

एक जण मला आठवतो. साच्यावर काम करणारा, खालचा ओठ सारखा चावायचा. त्याचा कागद लिहून झाला तरी उठेना. मी विचारलं, ‘अजून काही होतंय का?’ तो म्हणाला, ‘भोंगा वाजत नाय ना सिस्टर, सकाळी कधी उठायचं तेच कळत नाय.’ मी हसून पुढच्या पेशंटला हाक मारली. वीस वर्षांची होते, मला वाटलं गंमत करतोय. मैत्रिणीचं ते इंग्लंडचं पत्र आलं तेव्हा मला हा माणूस आठवला. त्याच्या कागदावरचा शब्द अगदी बरोबर होता, साहेबाच्या अर्थानं बरोबर होता. आम्हीच तो शरीराचा समजून वाचला आणि त्याला गोळ्या देऊन पाठवला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. ती माणसं पुढे कुठे गेली, कुणाचं काय झालं, त्यांच्या बायकांनी खानावळी चालवून, पापड लाटून घरं कशी ओढली, ते परळ-लालबागला ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे.

६. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न पुरत नाही

हा नंबर लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली.

१९९१चा पावसाळा. नाइट करून सकाळी आठच्या सुमारास घरी आले. बाबा गॅलरीत खुर्चीवर होते. मांडीवर पेपर, घडी न मोडलेला. चाळीस वर्षं छापील अक्षर तपासलेला माणूस, पेपर आला की पहिल्या पानावरची चूक शोधल्याशिवाय चहाला हात लावत नसे. ती न मोडलेली घडी मी पाहिली. पाहिली आणि पुढे गेले.

‘कसंतरी होतंय गं,’ म्हणाले.

‘दुखतंय का कुठे?’

‘छे, दुखत नाही काही.’

‘पित्त असेल. काल उशिरा जेवलात.’ मी आलं किसून चहा केला, ओवा दिला. डोळ्यांवर झोप होती. ‘पडा जरा,’ म्हटलं आणि मीही आत जाऊन पडले. तासाभरानं आईनं हलवून उठवलं. बनियन पिळून काढावं इतकं ओलं. चेहरा मेणासारखा. टॅक्सीत त्यांनी मूठ वळून छातीवर धरली होती, तरीही म्हणत होते, ‘दुखत नाही, जड वाटतंय फक्त.’ दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

बाबांना बारा वर्षं मधुमेह होता. जुन्या मधुमेहात नसा बोथट होऊ शकतात, मग हृदयाची कळ कधी कधी वर पोहोचतच नाही. वयस्कांमध्येही हे होतं. बायकांमध्ये कधी कधी कळेऐवजी दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा भरून येणं असं काही पुढे येतं. हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झाले होते. पण पुस्तकात इंग्रजी होतं आणि गॅलरीत बाबा मराठीत बोलत होते. ‘कसंतरी होतंय’ आणि ‘चेस्ट डिसकम्फर्ट’ हे एकच आहेत, हे मला त्या सकाळी दिसलं नाही.

नंतर मी या शब्दाचा पाठपुरावा केला. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांमध्ये ‘पेन’च्या आधी ‘डिसकम्फर्ट’ शब्द येतो: दाब, आवळल्यासारखं, भरल्यासारखं किंवा दुखणं. डिसकम्फर्ट मी आजवर सौम्य शब्द समजत होते, बारीकसारीक तक्रारीचा. इथे तो मोठा आणि रुंद आहे, कारण पुष्कळ माणसं हृदयविकाराच्या झटक्यातही ‘दुखत नाही’ म्हणतात, आणि खरंच सांगत असतात. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन यांनी छातीवर धरलेल्या वळलेल्या मुठीची नोंद करून ठेवली. आजही तिला लेव्हिनची खूण म्हणतात. टॅक्सीत बाबांच्या छातीवर होती ती हीच.

त्या वर्षापासून मी ‘छाती दुखते का?’ एवढंच कुणालाही विचारलेलं नाही. मी विचारते: छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं का? पट्टा आवळल्यासारखं? घास अडकल्यासारखं? हात जड झालाय? गार घाम सुटला का? आज नेहमीचं काम नकोसं झालं का? ‘दुखतं का’ला नाही म्हणणारी माणसं यांतल्या एखाद्याला चटकन हो म्हणतात. वाचणाऱ्यांनी एवढं एक माझ्याकडून घ्यावं. घरात मधुमेहाचं माणूस असेल, साठीच्या पुढचं असेल, आणि ते घामेजून ‘कसंतरी होतंय’ म्हणालं, तर आल्याचा चहा करत बसू नका. टॅक्सी बोलवा.

७. दहापैकी किती?

१९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल विद्यापीठातली प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदनेचे ७८ शब्द, २० गटांत. भाजल्यासारखं, भोसकल्यासारखं, ठणकणारं, पिळवटणारं असे शब्द रोग्यापुढे ठेवायचे आणि त्यानं निवडायचे. मला ही कल्पना पहिल्यांदा कळली तेव्हा वाटलं, आपल्या बायका हे न शिकता करतात. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी, शिणक वेगळी, वेणा तर वेगळ्याच. गळू ठणकतं, पोटात मुरडा येतो, दात सणकतो. क्रियापद ऐकूनच अर्धं दुखणं कळतं.

पुढे दहाची मोजपट्टी आली. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. ती मराठीत विचारायला मला नेहमी कठीण गेलं. सिझर होऊन चार तास झालेली बाई म्हणायची, ‘आहे थोडं.’ थोडं म्हणजे किती? ‘सोसवेल इतकं.’ सोसणं हा आपल्याकडे बायकांचा गुण मानतात आणि त्या गुणापायी गोळी मागायची राहते. मग मी आकडा विचारणं सोडलं. ‘बाळाला पाजायला बसता येईल इतकं दुखतंय, की नाही?’ असं विचारायची. उत्तर लगेच यायचं.

८. ‘अनकम्फर्टेबल’ म्हणायची सोय

नव्वदच्या दशकात एक शिकाऊ मुलगी माझ्याकडे आली. ‘सिस्टर, माझी नाइट बदला.’ का? ‘काही नाही. बरं नाही वाटत.’ ताप नाही, काही नाही. मी तिला आळशी ठरवलं आणि नाइट बदलली नाही. पुढे दुसऱ्या दोघी त्याच वॉर्डाची नाइट बदलून मागायला आल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथला एक माणूस औषधाच्या कपाटापाशी मुद्दाम अंगाला घासून जायचा. त्या मुलीकडे सांगायला शब्द नव्हता. मराठीत जे शब्द होते ते एकतर एवढे मोठे की पोलिसात जावं लागेल, नाहीतर एवढे लहान की कुणी म्हणावं, मनावर घेऊ नकोस.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल आला, २०१३ साली कायदा. त्या कायद्याचा कणा एका साध्या इंग्रजी शब्दावर उभा आहे, ‘अनवेलकम’. म्हणजे समोरच्याचा हेतू काय होता हे दुय्यम. जिला झालं तिला ते नको होतं का, हे आधी. मी प्रशिक्षणात मुलींना हा शब्द ‘नकोसा’ असा सांगायची. नकोसा स्पर्श, नकोशी थट्टा. त्यांना लगेच समजायचं, कारण उकाड्यात जीव नकोसा होतो हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

माझी भाची दादरच्याच इंग्रजी शाळेत शिकली. सतरा वर्षांची असताना घरच्या एका समारंभात एका नातेवाइकानं खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाली, ‘काका, मला अनकम्फर्टेबल वाटतंय.’ सगळे गप्प झाले. काकांनी हात काढला. घरी आल्यावर कुणीतरी म्हणालं, काय हे इंग्रजी चोचले. मी म्हटलं, चोचले नाहीत. जे मला त्या वयात दादरच्या पुलावर, गर्दीत, रोज सकाळी म्हणता आलं नाही, ते ती म्हणाली. शब्द इंग्रजी असेल, पण तो तिनं वेळेवर वापरला. परक्या भाषेतल्या शब्दाला घरातल्या आठवणी चिकटलेल्या नसतात, म्हणून तो कधी कधी तोंडातून निघतो तरी. हे मला उशिरा पटलं आणि आता पूर्ण पटलंय.

त्या शिकाऊ मुलीची मात्र माफी मागायची राहून गेली. ती नोकरी सोडून गेली.

९. काही त्रास नाही, असंही खोटं असतं

२०२०चे माझे शेवटचे महिने कोविड वॉर्डात गेले. खाटेवर बसून मोबाइलवर बोलणारे पेशंट, ‘मला काही त्रास नाही, उगाच ठेवलंय,’ म्हणायचे, आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ऐंशीच्या घरात. अस्वस्थपणा ही शरीराची हाक असते असं मी जन्मभर मानलं. ती हाक कधी येतच नाही, हे त्या वर्षी पाहिलं. जुलैत निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ झाला नाही, होण्यासारखे दिवस नव्हते.

१०. कोरी पानं

बाबांच्या कोशाच्या शेवटची सहा पानं आता जवळजवळ भरली आहेत. पहिली नोंद ‘कसंतरी’. मग घाबराघुबरा, उलघाल, कानकोंडं, कासावीस, तगमग, ‘पोटात खड्डा पडल्यासारखं’, ‘अंगातून वारं गेल्यासारखं’, ‘जीव घशाशी आला’. प्रत्येकासमोर कोण म्हणालं ते नाही, नंतर काय निघालं ते. घाबराघुबरा, साखर ५२. पोटात खड्डा, मुलगा दुबईहून तीन महिने बोलला नव्हता. बाबांची नोंदही आहे. तिथे मी फक्त तारीख घातली आहे, त्यांनी पहिल्या पानावर घातली होती तशी.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले होते. शेजारच्या चाळीतल्या वहिनी आल्या, सत्तरीच्या. बसल्या, उठल्या, परत बसल्या. पदर सारखा नीट करत होत्या. म्हणाल्या, ‘जीव कुठे ठेवू असं झालंय हो.’ मी मनगट हातात घेतलं. नाडी बरी. छातीवर ओझं? नाही. घाम? नाही. हात? नाही. जेवलात? जेवले. ‘मग आज काय झालं?’ तेव्हा सांगितलं. इमारत पाडायची नोटीस आली होती. तीन वर्षं भाड्यानं कल्याणला राहायचं, लेकानं जागा बघितली होती. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकच खोली झाडली होती, एकाच खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली होती. ‘तीन वर्षांनी मी असेन का परत यायला?’ म्हणाल्या.

याला गोळी नव्हती. दिवे लागेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले. हात सोडला नाही. मग दोघी चालत चालत घरी आलो, त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. घरी येऊन कोश काढला आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. शेवटच्या पानावर आता चार ओळींची जागा उरली आहे.